टपालबाबाचा प्रिंटर

फर्निचरच्या बंद पडलेल्या दुकानावर एक लांबट हॉल होता आणि रविवारी सकाळी अकराला त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नसायची. दीडशे खुर्च्या, अडीचशे माणसं, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. समोर पांढरी चादर घातलेलं टेबल आणि टेबलावर एक फुलदाणी आणि प्रिंटर. साधा, करड्या रंगाचा, कुठल्याही कचेरीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो तसला. फक्त याला वायर नव्हती. विजेची नाही, कॉम्प्युटरची नाही, कसलीच नाही.

"बघा! लाजू नका, चादर उचलून बघा!" टपालबाबा दोन्ही हात वर करून ओरडायचा. "ना तार, ना वीज, ना माणसाचा हात! सरकारी पोस्टमन जिवंतांची पत्रं आणतो. आपला पोस्टमन जरा लांबून येतो!"

लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या थांबता थांबता प्रिंटर घरघरायचा. हॉल एकदम चिडीचूप. कागद सरकत सरकत बाहेर यायचा, बाबा तो दोन बोटांनी उचलायचा, कपाळाला लावायचा आणि मोठ्याने वाचायचा. मेलेल्या माणसाचं पत्र. खाली सहीच्या जागी घरात हाक मारायचे ते नाव.

पहिल्या रांगेत एक निवृत्त न्यायाधीश बसायचे. पुराव्याशिवाय ज्यांनी आयुष्यभर कुणाचं एक वाक्य ऐकून घेतलं नाही, ते आता बाबाच्या पायाशी बसून नाक पुसत होते, कारण त्यांच्या बायकोने वरून कळवलं होतं की कपाटाची किल्ली निळ्या डब्यात आहे. आणि किल्ली खरोखर निळ्या डब्यात निघाली होती!

पत्र हवं असेल तर दारात दक्षिणा ठेवून एक फॉर्म भरावा लागे. गेलेल्याचं नाव, नातं, कशाने गेला, आणि सोबत त्याचा मोबाइल फोन. चार्ज केलेला. लॉकचा नंबर फॉर्मवर लिहून. "आत्म्याला पत्ता लागतो," फॉर्मवाली बाई समजावून सांगायची. "पूर्वी घर हा पत्ता होता. आता माणूस राहतो कुठे? फोनमध्येच ना?" आपला फोन बायकोच्या हाती पडू नये म्हणून उशीखाली घेऊन झोपणारी माणसं मेलेल्या बायकोचा फोन लॉकच्या नंबरासकट या बाईच्या हवाली करत होती. फोन लाकडी पेटीत जात, पेटी टेबलामागच्या पडद्याआड जाई, आणि कार्यक्रम संपल्यावर फोन परत मिळत. एकाचाही फोन चोरीला गेला नाही, म्हणून बाबा प्रामाणिक ठरला.

त्या रविवारी शेवटून दुसऱ्या रांगेत दोन बहिणी बसल्या होत्या. धाकटीला बाजारात सगळे प्रिंटरवाली म्हणत. वीस वर्षं ती प्रिंटर दुरुस्त करत होती. नखांच्या कडांना काळी शाई कायमची मुरलेली. मोठी तिची ताई. सात महिन्यांपूर्वी ताईचा एकुलता एक मुलगा वळणावर ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून ताई जेवत होती, झोपत होती, विचारलं तर उत्तर देत होती, आणि त्यापलीकडे काही नाही.

प्रिंटर घरघरला. बाबाने कागद उचलला आणि वाचलं.

"आईसाहेब, मी इथे सुखात आहे. इथे दुखणं नाही, भूक नाही, रांग नाही. मावशी अजून तशीच चिडकी आहे का? आईसाहेब, स्वतः टोचून घेऊ नका. मी येतोय, मी देतो. तुमचा लाडोबा."

ताई उभी राहिली. आईसाहेब! लाडोबा! ही नावं त्या घराच्या चार भिंतींबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. ती अडखळत पुढे गेली, कागद छातीशी धरला आणि हसली. सात महिन्यांनी हसली.

प्रिंटरवालीला त्याच क्षणी सगळं कळलं होतं, असं नाही. पण निम्मं कळलं होतं. वायर नसलेला प्रिंटर चालतो हा चमत्कार तिच्या दुकानात रोज दहादा व्हायचा. पोटाखाली बॅटरी बसवली की वीज नको, आणि बिनतारी जोडणी असली की कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत असला तरी चालतो. ती सांगू शकली असती. ताईच्या चेहऱ्याकडे बघून तिने तोंड मिटलं. म्हटलं, हसतेय तर हसू दे, कुणाचं काय जातंय?

काय जातंय ते दीड आठवड्याने कळलं.

बुधवारी संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताई सोफ्यावर बसली होती, ओठ सुकलेले, आणि तासात चौथ्यांदा बाथरूमला जाऊन आलेली. उजव्या पायाच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"हे काय लागलं?"

"चपलेने घासलं. दुखत नाही."

प्रिंटरवालीने चिंधी सोडली. बोट जांभळं पडलं होतं आणि वास येत होता. ती उठून फ्रिजपाशी गेली. ताईला पंधरा वर्षांपासून मधुमेह, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दारातल्या खणात इन्सुलिनच्या कुप्या होत्या तशाच होत्या. सील न फोडलेल्या.

"ताई, इंजेक्शन?"

"तो देणार आहे."

"कोण?"

"असं काय करतेस? तुझ्यासमोर तर वाचलं बाबांनी. स्वतः टोचून घेऊ नका, मी येतोय, मी देतो. परवाच्या रविवारीही तेच आलं, तू नव्हतीस. आता मधेच मी टोचून घेतलं तर त्याला काय वाटेल? आईचा विश्वास नाही म्हणेल." ताई हे अगदी शांतपणे, समजूत घालावी तसं बोलली. "येईल गं. तो नेहमी उशिराच यायचा."

 प्रिंटरवाली ओरडली, रडली, कुपी फोडून सुई भरून घेऊन आली. ताईने हाताने ती उडवून लावली. कुठल्याही धमकीचा उपयोग झाला नाही. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, ताबडतोब घेऊन या. ताई म्हणाली, "मी घर सोडून गेले आणि तो आला तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक चष्मेवाला माणूस दुकानात प्रिंटर घेऊन आला. बाजारात दुरुस्तीचं दुकान हे एकच. "ऑफिसचा आहे. कागद अडकतोय. संध्याकाळपर्यंत हवा."

करड्या रंगाचा प्रिंटर. तिने उलटा केला. पोटाला चिकटपट्टीने बॅटरी बांधलेली. बिनवायरीचा प्रिंटर हॉलच्या टेबलावर तिने पाहिला होता, तोच हा. तिने झाकण उघडून झिजलेला रबरी रोलर काढला आणि चिमट्याने अडकलेला कागद ओढला. अर्धा कागद हाती आला. "...रुणी, मी इथे सुखात आहे. इथे दुखणं नाही, भूक नाही, रांग नाही..."

रोलर बदलल्यावर प्रिंटर तपासावा लागतो. त्यासाठी ती तळहाताएवढा एक टॅब वापरायची, लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीवर चालणारा. त्याचा गुणच असा, की आसपास कुठलाही प्रिंटर जागा झाला की तो आपणहून शोधून काढतो आणि विचारतो, जोडू का? एकदा जोडला की विसरत नाही. या प्रिंटरला तर परवलीचा शब्दसुद्धा घातलेला नव्हता. परलोकाशी दळणवळण ठेवणाऱ्यांनी दाराला साधी कडी लावलेली नव्हती. टॅबने विचारलं. तिने हो म्हटलं.

फाटका कागद घेऊन ती तशीच ताईकडे धावली. "हे बघ! त्याच ओळी! दुसऱ्या कुणाच्या तरी पत्रात! सगळ्यांना एकच मजकूर छापतात हे भामटे!"

ताईने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. "सगळे एकाच ठिकाणी गेलेत. मग सारखंच लिहिणार ना?"

 ज्याला पटवून घ्यायचंच नाही, त्याच्यासमोर पुरावा ठेवला की तो पुराव्यालाही आपल्या बाजूने वळवतो. प्रिंटरवाली घरी गेली आणि तिने असं काही ठरवलं, की ज्याची तिला पुढे आयुष्यभर लाज वाटणार होती. तिने ठरवलं, ताईला समजावायचं नाही. आपणच एक पत्र पाठवायचं.

रविवारी हॉल गच्च भरला होता. ताई दारात मुलाचा फोन देऊन लंगडत पहिल्या रांगेपर्यंत गेली. तिच्यासाठी लोकांनी जागा केली. प्रिंटरवाली मागच्या भिंतीशी बसली, पर्समध्ये टॅब. तिने तो चालू केला. टॅबने लगेच कळवलं, ओळखीचा प्रिंटर जवळ आहे. मजकूर तिने आधीच लिहून ठेवला होता. बाबाने ताईचं नाव घेताच तिने बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला. कागदावर छापलं होतं, "आईसाहेब, मला यायला जमणार नाही. आजपासून सुई रोज घ्या. मावशी देईल. लाडोबा."

बाबाने कागद उचलला. कपाळाला लावला. मग त्याची नजर मजकुरावर पडली आणि भुवया किंचित वर गेल्या. पडद्याकडे त्याने ओझरतं पाहिलं. हे पत्र आपल्या माणसाचं नाही, हे त्याला समजलं. पण इतक्या वर्षांचा मुरलेला माणूस. एका कागदाने डगमगेल कसा? त्याने घसा साफ केला आणि कागदावर नसलेलंच वाचायला सुरुवात केली.

"आईसाहेब! थोडी कळ काढा! मी निघालोच आहे! तुमची श्रद्धा हीच माझी वाट!"

ताईने हात जोडले. कागद बाबाच्या मुठीत चुरगळला गेला.

प्रिंटरवालीच्या डोक्यात सणक गेली. बाबावर होती त्याहून जास्त ती स्वतःवर चिडली होती. बहिणीचा जीव वाचवायला तिने त्या चोराचीच पद्धत उचलली होती, आणि त्या पद्धतीत चोर तिच्यापेक्षा तरबेज होता. तिने टॅबवर नवा मजकूर टाइप केला, प्रती या रकान्यात साठ लिहिलं आणि बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला तो थांबेचना. एक कागद, दोन, दहा. कागद टेबलावरून घसरून खाली पडायला लागले. बाबाने हाताने तोंड दाबावं तसं प्रिंटरचं झाकण दाबून धरलं, बटणं दाबली, शेवटी चादरीचं लोंबतं टोकच त्याच्यावर टाकलं. कागद चादरीखालून येतच राहिले. पहिल्या रांगेतल्यांनी ते उचलले. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा चढवला आणि, सवयीने, खणखणीत आवाजात वाचलं.

"हे पत्र कुणाही मेलेल्या माणसाचं नाही. मागच्या भिंतीशी बसलेल्या प्रिंटरवालीचं आहे. मागची पत्रंही अशीच जिवंत माणसाने पाठवली आहेत. तो माणूस पडद्यामागे आहे."

अडीचशे माना मागे वळल्या. ती उठून उभी राहिली आणि टॅब वर धरला. "कुणीही काहीही सांगा. मी छापून दाखवते."

"माझ्या बुटाचा नंबर!" मागून कुणीतरी टर उडवली. "कळू दे स्वर्गाला!"

"किती?"

"आठ!"

तिने टाइप केलं. चादरीखालून कागद आला. न्यायाधीशांनी तो धरून पाहिला आणि मान खाली घालून वाचला, "आठ." कुणी हसलं नाही.

"विद्युतदोष! दुष्ट शक्ती! ही बाई..." बाबा ओरडत होता, पण ती तोवर पडद्यापाशी पोचली होती. तिने पडदा ओढला.

मागे जिन्याच्या तोंडाशी चष्मेवाला स्टुलावर बसला होता. मांडीवर तसलाच टॅब, समोर हातरुमालाएवढा बिनतारी कीबोर्ड, कानात यंत्र. बाबाचं बोलणं पकडणारा माइक टेबलावरच्या फुलदाणीत लपवलेला होता. लाकडी पेटी उघडी, आणि पेटीतला एक फोन केबलने टॅबला जोडलेला. टॅबच्या पडद्यावर कुणाच्या तरी मेलेल्या आईने कधीकाळी पाठवलेले निरोप उघडे होते. चष्मेवाला ते वाचून सोयीची वाक्यं वेचत होता आणि तयार मजकुरात डकवत होता. चमत्कार म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

"साहेब, तुमचं हे घ्या." फोनांना रबराने बांधलेल्या फॉर्मवरची नावं वाचत तिने पेटीतून न्यायाधीशांच्या बायकोचा फोन काढून त्यांच्या हातात दिला. "किल्ली निळ्या डब्यात आहे, असं वहिनींनी कधी कुणाला लिहून कळवलं होतं का, बघा यात."

न्यायाधीशांनी बघितलं. मेव्हणीला पाठवलेला निरोप होता. तारीख मरणाच्या महिनाभर आधीची. ते खुर्चीत बसले ते उठले नाहीत.

मग तिने भाच्याचा फोन घेतला.  दोन वर्षांपूर्वीचा एक निरोप शोधून तो तिने ताईच्या डोळ्यांसमोर धरला. संध्याकाळी साडेसातचा. आईसाहेब, स्वतः टोचून घेऊ नका. मी येतोय, मी देतो.

"त्या दिवशी त्याला ऑफिसात उशीर झाला होता, ताई. तेव्हाचं आहे हे. तो आला होता आणि त्याने इंजेक्शन दिलं होतं. ते संपलं त्याच दिवशी. या माणसाला 'टोचून' म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही. वाक्य गोड वाटलं, उचललं, छापलं."

ती चष्मेवाल्याकडे वळली. "काय रे? काय टोचून घ्यायचं होतं? सांग सगळ्यांना."

चष्मेवाला चाचरला. "कान... कान टोचायचे असतील... मला वाटलं..."

बाबाच्या मुठीतून खाली पडलेला चुरगळलेला कागद ताईने उचलला आणि उलगडून वाचला. मग तिने बहिणीला विचारलं, "म्हणजे तो येणार नाही?"

"नाही."

"आणि आजचं? मावशी देईल, ते?"

"ते मी लिहिलं होतं."

ताईने तिच्या थोबाडीत मारली. बाबाच्या नाही, चष्मेवाल्याच्या नाही, तिच्या. आणि हॉलमध्ये एवढी माणसं होती, त्यांतल्या कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. एक बाई तर रडत पुढे आली, "मेले, माझा नंबर पुढचाच होता! माझं पत्र तरी येऊन जाऊ द्यायचंस! तुझं काय गेलं असतं?" दोन आठवड्यांपूर्वी प्रिंटरवालीनेही स्वतःला हेच विचारलं होतं. बाबा एव्हाना जिन्याने पसार झाला होता.

त्याच दुपारी ताईला हॉस्पिटलात नेलं. साखर साडेचारशेच्या वर. पायाची दोन बोटं कापावी लागली. तिसरं राहील की नाही ते डॉक्टर सांगेनात.

पोलिसांनी बाबाला चार दिवसांनी धरलं आणि नंतर सोडून दिलं. तक्रार कुणी द्यायची? अडीचशे माणसांपैकी एकही पुढे आला नाही. तक्रारीत लिहावं लागलं असतं की माझ्या मेलेल्या माणसाचा फोन लॉकच्या नंबरासकट मी स्वतःच्या हाताने दिला. न्यायाधीशसाहेबांनीही सही केली नाही. अशा माणसांच्या जिवावर बाबा दुसऱ्या कुठल्या तरी दुकानावरच्या हॉलमध्ये पुन्हा चादर अंथरेल, यात शंका बाळगू नका.

म्हणून सरळच सांगायचं. मेलेली माणसं लिहीत नाहीत. लिहितो तो, ज्याच्या हातात यंत्र आहे आणि ज्याला तुमच्या घरातलं काहीतरी कळलेलं आहे. ते त्याला कुठून कळलं, हा एक प्रश्न आधी विचारा. रडू येत असलं तरी विचारा. आणि शेजारी बसलेल्या माणसाला युक्ती कळली असेल, तर त्याने तुमच्या आनंदाकडे बघून गप्प बसू नये. तो दयाळूपणा नाही. त्यातून पायाची बोटं जातात, कधी माणूस जातो.

आठव्या दिवशी ताई पहिल्यांदा बोलली. प्रिंटरवाली पलंगाशेजारी बसून तिच्या डोक्याला तेल लावत होती.

"तुझ्याकडे तो टॅब आहे ना?"

"आहे."

"मला एक पत्र लिहून दे."

तिचा हात थांबला.

"मला माहीत आहे खोटं असेल ते," ताई म्हणाली. "मी वेडी नाही. कुणाला सांगणार नाही. दोन ओळी दे. आईसाहेब म्हण आणि खाली लाडोबा लिही. मधे काय हवं ते लिही."

"नाही ताई."

"एवढं हॉलभर लोकांसाठी छापलंस. साठ कागद छापलेस. मला एक नाही देणार?"

"नाही."

ताईने तोंड भिंतीकडे केलं. प्रिंटरवाली रडत होती, पण तिने हो म्हटलं नाही. एकदा दिलं असतं तर पुढच्या आठवड्यात दुसरं मागितलं गेलं असतं, आणि त्या पत्रात काय लिहायचं हे तिला ठरवावं लागलं असतं. बाबाचा धंदा असाच कुणावर तरी माया करता करता सुरू झाला असेल, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं.

संध्याकाळी नर्स इंजेक्शन घेऊन आली. ताईने बहिणीकडे पाहिलं नाही. नर्सच्या हातातून तिने सुई घेतली, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि स्वतःच टोचून घेतली.